डिस्कमधली भिंत

“मधे पक्की भिंत घाल,” ग्रंथपाल म्हणाले. “इकडचं तिकडे दिसता कामा नये.”

संगणकवाला टेबलाखाली वाकून डब्यावरची अकरा वर्षांची धूळ फुंकत होता. वाचनालयात संगणक एकच. सकाळी तो ग्रंथपालांचा, दुपारनंतर दुसऱ्या पाळीतल्या सहग्रंथपाल ताईंचा. आजवर दोघांचं एकाच खात्यात गुण्यागोविंदाने चाललं होतं. पण मुख्य ग्रंथपालाची जागा रिकामी झाली आणि तिच्यावर डोळा ठेवणारी माणसंही नेमकी हीच दोन. त्यातच गेल्या आठवड्यात ताईंच्या हातून ग्रंथपालांची एक फाइल उघडली गेली. “अगंबाई, तुमची आहे होय,” म्हणत त्यांनी ती लगेच बंदही केली होती.

“एकाच डिस्कवर दोन सिस्टीम?” संगणकवाल्याचा उपाय ऐकून ग्रंथपालांनी विचारलं. “यंत्र म्हातारं झालंय. झेपेल त्याला?”

“एका वेळी एकच चालते, काका. तुमच्या पाळ्यांसारखं.”

डिस्कचे दोन भाग झाले. एकात जुनी सिस्टीम राहिली, दुसऱ्यात फुकट मिळणारी नवी बसली. सुरू करताना पडद्यावर दोन ओळी येत. दहा सेकंदांत आपली निवडायची आणि पासवर्ड टाकायचा. सवयीची जुनी ग्रंथपालांनी स्वतःकडे ठेवली आणि नवी मोठ्या मनाने ताईंना दिली.

“मला मेलीला काय कळणार त्यातलं,” ताई म्हणाल्या. “शिकेन हळूहळू.”

ग्रंथपालांनी आपल्या बाजूने ताईंचा भाग उघडून पाहिला. उघडेना. त्यांना बरं वाटलं.

मग तीन आठवडे ते रोज सकाळी संगणकावर लिहीत बसले. अर्ज एक पान झाला. ताईंच्या चुका बारा पानं झाल्या: हरवलेले कोश, भलत्याच कपाटात गेलेली चरित्रं, खिडकी उघडी राहून भिजलेले नकाशे, सगळं तारीखवार. दुपारी पाळी बदलताना ते खुर्ची पुसून देत. “जागा तुम्हालाच मिळायला हवी, ताई,” असंही एकदा म्हणाले. ताईंना भरून आलं.

मुलाखतीला आधी ताई गेल्या. अर्ध्या तासाने बाहेर आल्या. “जा भाऊ, माणसं चांगली आहेत.”

आत ग्रंथपालांनी जड अंतःकरणाने बारा पानं पुढे सरकवली. निवड समितीच्या अध्यक्षांनी पहिलं पान वाचलं, मग शेवटचं, आणि चष्मा काढून ठेवला.

“कोश, चरित्रं, नकाशे. हे सगळं त्या आत्ताच स्वतः सांगून गेल्या. याच क्रमाने. प्रत्येक चुकीवर उपायसुद्धा लिहून आणला होता. इतकं सरळ माणूस आम्ही पाहिलं नाही.” त्यांनी पानं परत दिली. “तुम्ही स्वतःबद्दल काही आणलंय?”

ग्रंथपालांकडे एक पान होतं.

तिथून ते तडक संगणकवाल्याच्या दुकानात गेले.

“विश्वासाने सांगितलं होतं तुला, भिंत घाल म्हणून.”

“आहे की भिंत. तुमच्या बाजूने.” त्याने हातातला स्क्रू बशीत टाकला. “त्यांच्या सिस्टीमला मात्र तुमचा भाग सरळ वाचता येतो. पासवर्डबिसवर्ड काही लागत नाही.”

“आणि हे मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत. ताईंनी विचारलं होतं, तुम्ही मला बोलावलंत त्याच्या पंधरा दिवस आधी. मी म्हटलं, उद्याच येऊन बसवतो. तर म्हणाल्या, घाई करू नकोस, भाऊच बोलावतील तुला.”