लहानूची पाटी

सगुणाने काठावरच्या पालथ्या होडीला खांदा लावून ती सुलटी केली. नवरा गेला की त्याची होडी वर्षभर पालथी ठेवायची, ही गावची रीत तिने पाळली होती. वर्ष काल सरलं.

धरणापलीकडच्या गडावर जायला आलेले ट्रेकर खोळंबले होते. तिचा दीर लहानू मिशीतल्या मिशीत हसला. "वैनी, वल्ही माझ्याकडं कुलपात हायेत. काय हातानं पाणी मारणार? जावा, चूल सांभाळा."

चिखलात त्याने नवीकोरी पाटी रोवली होती: 'लहानू बोटिंग पॉइंट'. सगुणाने ती दांड्यासकट उपटली, ट्रेकरांना होडीत घेतलं. पाटीनेच पाणी कापत ती निघाली.

"माझी पाटी!" गुडघाभर पाण्यात शिरून दीर बोंबलला.

दर फटक्याला त्याचं नाव गडाच्या पडछायेत बुडत होतं.

"भावजी," ती ओरडली, "सांजच्याला वल्ही आणून द्या. न्हाईतर पाटी चुलीत घालीन. चूल सांभाळायचीय ना मला!"