डावीकडची बोटभर कड

दुपारी चारच्या आत काम झालं तर धाकट्या सुनेला खोली मिळणार होती. तंत्रशाळेच्या माडीवरची, उत्तरेला खिडकी असलेली आणि आतून कडी लागणारी. खिडकीपेक्षा तिला कडीचं अप्रूप जास्त. सहा वर्षं तिचं एडिटिंगचं मशीन घरातल्या बोळात होतं, न्हाणीघर आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधोमध, आणि टॉवेल खांद्यावर टाकून जाणारा प्रत्येक जण तिला एक सल्ला देऊन जायचा.

बदल्यात थोरल्या दिरांना एवढंच हवं होतं, की एक जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरावी. दीर म्हणजे दादा. शाळेचे अध्यक्षही तेच. कॅसेटवर होतं सासऱ्यांचं शाळेच्या उद्घाटनाचं भाषण, अठरा मिनिटांचं, हातात चिटोरंही न घेता केलेलं. सासरे आता नव्हते. भाषण उद्या शाळेच्या समारंभात मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं, तसं पत्रिकेत छापलंही होतं. नंतर दादा बोलणार होते, आणि त्यांचं पहिलंच वाक्य होतं, ‘बाबांना कधी कागद लागला नाही.’

सौदा फायद्याचा होता. कॅसेट मात्र ऐकेना. उतरवलेल्या चित्रात ओठ पुढे पळत आणि आवाज मागे राही. बाराव्या मिनिटाला सासरे पाण्याचा घोट घेत होते आणि घोटातूनही भाषण चालू होतं.

धाकटीनं व्हीसीआरचं हेड पुसलं, केबल बदलली, तीनदा पहिल्यापासून उतरवून पाहिलं.

“कॅसेटच गेली असेल,” दादा म्हणाले. ते खुर्ची ओढून मागेच बसले होते.

“कॅसेट शहाणी आहे, दादा. हा डबा आगाऊ आहे.”

डबा म्हणजे कॅप्चर बॉक्स, व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारा. तो चित्र घेता घेताच दाबून लहान करत होता, मशीनला तेवढा दम नव्हता, म्हणून मधली मधली फ्रेम गुपचूप टाकून देत होता. शिवाय कडा आपल्याच मनानं छाटत होता. धाकटीनं त्याच्या सगळ्या सुधारणा बंद केल्या, चित्र साठवायला काहीही न दाबणारा कोडेक निवडला आणि चित्र येईल तसं अख्खं घेतलं. फाइल अवाढव्य झाली, पण ओठ आणि आवाज एकत्र नांदू लागले.

आणि कडा दिसू लागल्या. जुने टीव्ही चारही बाजूंची बोटभर पट्टी चौकटीआड लपवायचे. ती पट्टी या घरात कुणी कधी पाहिलेली नव्हती. खाली नुसती चित्राची फाटकी फडफड होती. डावीकडे मात्र एक हात होता. हातात मोठ्या कागदांची चळत. एक कागद खाली गेला की सासऱ्यांचं पुढचं वाक्य सुरू व्हायचं. हाताची करंगळी वाकडी होती. तीच करंगळी या क्षणी दोन हातांवर, इस्त्रीच्या टेबलाशी, दादांच्या सदऱ्याची कॉलर ताणून धरत होती.

सासूबाई मान वर न करता इस्त्री फिरवत राहिल्या.

“कडा काप,” दादा म्हणाले. “सगळेच कापतात.”

“कापतात. खालची मीही कापणार आहे.”

“डावीकडचीही काप.”

“ती फाटकी नाहीये.”

“खोलीची किल्ली माझ्या खिशात आहे, लक्षात असू दे.”

“सकाळपासून तेवढंच लक्षात आहे, दादा.”

दादा वळले. “आई, तूच सांग हिला.”

सासूबाईंनी इस्त्री उभी केली, चष्मा पुसला आणि पडद्याजवळ आल्या. “त्या पाण्याच्या घोटावर घे गं.”

तो घोट घरात प्रसिद्ध होता. बोलताना नेमकं कुठे थांबावं, हे दादा त्यावरून शिक्षकांना समजावत. आता अख्खं चित्र दिसलं. हातानं कागद खाली टाकला नव्हता. सासरे पुढचं बोलू बघत होते, हात तोच कागद हलवत होता. सासऱ्यांनी घोट घेतला, डावीकडे पाहिलं, कागद आणखी वर गेला. मग ते म्हणाले, या शाळेत मुलीही लेथवर उभ्या राहतील. टाळ्या.

“हे वाक्य गाळत होते,” सासूबाई म्हणाल्या. “आदल्या दिवशीही गाळलं होतं. म्हटलं, लिहिलंय मी, तर बोलावं लागेल.”

दादांचा आवाज उतरला. “हे आता लोकांना दाखवून तुला काय मिळणार आहे, आई?”

“मी काही मागितलंय का? कापू नका, एवढंच.”

“आणि मी उद्या काय बोलू?”

“लिहून देऊ?”

धाकटीला हसू आवरेना, म्हणून तिनं घाईनं कीबोर्ड पुढे ओढला. चित्राच्या खालून आठ ओळी कापल्या. डावीकडून किती कापायचं, त्या रकान्यात शून्य भरलं आणि दादांच्या डोळ्यांदेखत बटण दाबलं.

पावणेचारला फाइल तयार झाली. दादांनी पेन ड्राइव्ह उचलला, सदरा न घेताच निघाले. किल्ली खिशातून बाहेर आली नाही.

तेव्हा कुणाला काय किंमत पडली, ती अशी: दादांचं पहिलं वाक्य गेलं. धाकटीची कडी गेली. सासूबाईंना त्या दिवशी काहीच द्यावं लागलं नाही. त्यांनी आपला वाटा अठरा मिनिटं हात वर धरून आधीच चुकता केला होता.