हिरवा ट्रक सुटला

नशेच्या गोळ्या विकल्याच्या आरोपातून व्हर्लीनचा भाचा सुटला, पण ज्या हिरव्या ट्रकमध्ये पोलिसांनी त्याला पकडलं होतं, तो तिच्या दिवंगत नवऱ्याचा ट्रक काही सुटला नाही. गुन्ह्यात वापरलेली वस्तू म्हणून खुद्द ट्रकवर वेगळाच खटला होता, आणि तो पोलिसांनी स्वतःकडे ठेवून घेतला होता. चार वर्षांनी राज्याचा कायदा बदलला : गुन्हा शाबित झाल्याशिवाय कुणाची वस्तू ठेवून घ्यायची नाही. मग तिला बोलावणं आलं. "व्हर्लीनबाई, इथं सही करा," पोलिसांच्या आवारातला शिपाई म्हणाला. "होता तसाच आहे बघा." तिनं सही केली. सीट मात्र कुणा उंच माणसासाठी मागे सरकवलेली होती, आणि मीटरवर अकरा हजार मैल वाढले होते. परतताना नदीपलीकडच्या वस्तीत इंजिन तापलं. भर दुपार होती. ट्रक दिसताच ओसऱ्यांवरची माणसं एकेक करून आत गेली. दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरींना कुणीतरी दंडाला धरून ओढत नेलं. दारं लागली. व्हर्लीनला काही कळेना. तिनं एक दार ठोठावलं. "अहो, इंजिनात घालायला थोडं पाणी मिळेल का?" दाराआडून एका म्हातारीचा आवाज आला, अगदी शांत. "माझ्या नातवाला मार्चमध्येच नेलंत की. तुमचे पोलीस साध्या कपड्यांत आले होते, याच ट्रकमधून. आता घरात मी एकटीच आहे." व्हर्लीन दाराला हात टेकून उभी राहिली. "मी त्यांच्यातली नाही हो," ती म्हणाली. आतून दुसरी कडी लागली.