उजेडात जाणारं जहाज

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने आम्हा दोघांना क्रूझवर पाठवायचं ठरवलं. डहाणूच्या एजंटने दोन कंपन्यांचे कागद पुढ्यात ठेवले. एकीच्या जहाजावर पोहायचा तलाव होता, दुसरीचं जहाज जुनं होतं. मी तांडेल, जन्मभर मासेमारीची बोट चालवली; जहाज निवडणं माझंच काम. बायको दोन्ही कागद चाळत होती. शेवटी तिने एजंटला विचारलं, “यातलं कुठलं उजेडात आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यासमोरून जातं?” “जुनं,” तो म्हणाला. मी हसलो. “काय बघणार? वाळत घातलेले बोंबील?” “तुमची बोट सुटली की मी किनाऱ्यावर उभी राहायची. लांबून दिसावं म्हणून लाल लुगडं नेसायची,” ती म्हणाली. “मी तुम्हाला कुठवर दिसत होते, ते एकदा तिथून बघायचंय.” मी जुन्या जहाजाचा कागद उचलला. निघालेल्या तांडेलाने मागे बघायचं नसतं. ते लुगडं मी समुद्रातून एकदाही पाहिलेलं नाही.