सोमवारपर्यंत राहू दे

"पोटाकडे नाही, चेहऱ्याकडे बघायचं," मॅडम म्हणाल्या. "दुखलं की मूल आधी तोंडावर सांगतं. आणि हात चोळून गरम करा. बर्फासारखे हात घेऊन लेकराला शिवायचं नाही."

खाटेभोवती उभी असलेली सगळी पोरं हात चोळायला लागली. डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर, आणि मॅडमचा धाक तर असा की पाठीमागे सगळे त्यांना 'भिंग' म्हणत. बारीकशी चूकही त्यांच्या नजरेतून सुटायची नाही.

खाटेवर चिमणी उताणी पडली होती. शाळेतही न जाणारं एवढंसं पोर, तापाने वाळून गेलेलं. ताप आता गेला होता, पण तापात सुजलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, डाव्या बरगडीखाली अजून हाताला लागत होती. थोड्या दिवसांनी ती आपोआप बसली असती. शिकणाऱ्यांच्या दृष्टीने अशी पाणथरी म्हणजे घबाडच.

एकेक जण पुढे यायचा, "बाळा, मोठा श्वास घे" म्हणायचा आणि बरगडीखाली बोटं दाबायचा. ज्याला लागली तो खूश. ज्याला नाही लागली तो परत मागे जाऊन उभा राहायचा. चिमणी रडत नव्हती. छताकडे बघत सांगितले तेवढे श्वास घेत होती.

सगळ्यांत उंच पोरगा, ज्याला सगळे लंबू म्हणत, पुन्हा वाकला आणि एकदम ओरडला, "लागली! मॅडम, काय मस्त लागली!"

"शाबास," मॅडम म्हणाल्या.

भिंतीला टेकून उभा असलेला चिमणीचा बाप दचकून पुढे आला. घरं रंगवायचं काम करणारा माणूस. नखांच्या कडांना अजून निळा रंग होता. "काय लागलं, डॉक्टर?"

लंबूने मॅडमकडे पाहिलं. "काही नाही... म्हणजे, तसं काही नाही."

बापाचा चेहरा उतरला. तो मॅडमजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, जरा बाजूला येता?"

दोघं खिडकीपाशी गेली. तो दोन्ही हातांनी टोपी पिळत होता.

"आता स्पष्टच सांगा, बाई. मी ऐकून घेईन."

"काय सांगू?"

"शनिवारी सोडतो म्हणालात. मी कपड्यांची पिशवीसुद्धा भरली होती. मग नर्सबाई आल्या, म्हणाल्या, सोमवारपर्यंत राहू दे. का, ते कुणी सांगेना. आणि आज एवढे डॉक्टर एकदम. एक झाला की दुसरा, परत पहिला. आपसात इंग्रजीत बोलतात. मोठं काहीतरी निघालंय ना? हिच्या आईला मी काल सांगून टाकलं, मन घट्ट कर म्हणून. ती तान्ह्याला मांडीवर घेऊन रडत बसलीय."

शनिवारी घरी सोडण्याच्या कागदावर सही करायला मॅडमनी पेन उघडलं होतं. तेवढ्यात सोमवारची बॅच आठवली. अशी पाणथरी वॉर्डात दुसऱ्या कुणाची नव्हती. पेन बंद करून त्यांनी नर्सला ते तीन शब्द सांगितले होते आणि गाडीत बसेपर्यंत विसरूनही गेल्या होत्या. एवढ्याने कुणाचं काय बिघडतंय?

"तसं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "खबरदारी म्हणून ठेवलं."

"कसली खबरदारी?"

पुढचं खोटं जिभेवर तयार होतं. अजून एक तपासणी, थोडा अशक्तपणा, काहीही चाललं असतं. पण तो त्यांच्या तोंडाकडे असा बघत होता की त्यांची मान आपोआप खाली गेली.

"ती शनिवारीच बरी होती," त्या म्हणाल्या. "या मुलांना शिकवायचं होतं. म्हणून ठेवून घेतली. तुम्हाला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. चुकलं माझं."

बापाने आरडाओरडा करावा, असं मॅडमना मनापासून वाटलं. सगळ्या वॉर्डासमोर चार शब्द सुनवावेत, कॉलर धरावी, काहीही करावं. पण तो मटकन खिडकीच्या कट्ट्यावर बसला, तोंडावर टोपी धरून हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले.

"बरी आहे!" तो म्हणाला. "अहो, मग राहू द्या की! देव भलं करो तुमचं, बाई!"

त्याने लगेच फोन लावला. आनंदात त्याचा आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "अगं, रडू नको! काही झालेलं नाही तिला! शनिवारपासून बरी आहे! ... अगं नाही, या पोरांना शिकवायला ठेवली होती! ... हो, नुसती शिकवायला!"

शेजारच्या खाटांवरच्या आया वळून बघायला लागल्या. पोरं आपापल्या बुटांकडे बघत राहिली. लंबूने मघाची बोटं खिशात घातली.

फोन बंद करून बाप खाटेपाशी आला, डोळे पुसत म्हणाला, "चिमणे, घरी जायचं आपल्याला! बाईंना थँक्यू म्हण."

चिमणी उठून बसली होती. मॅडम पुढे झाल्या. त्यांनी तिच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला.

चिमणीने तो हात येताना पाहिला. ती मुकाट्याने पुन्हा उताणी झाली, गुडघे दुमडले, आणि फ्रॉक स्वतःच गळ्यापर्यंत वर ओढून धरला.