मोठा गिअर

अर्धांगवायूनंतर दादांचा उजवा हात हलू लागला होता, परंतु त्यातील संवेदना काही परतली नव्हती. म्हणून रिमोटच्या गाडीची शर्यत यंदा धाकट्या भावाच्या हाती आली. दादांनी त्याला बजावले होते, "गाडीच्या मोटारीवर लहानच गिअर बसव. मोठ्याने वेग वाढतो, पण भार पडून मोटार तापते." तरीही विजयाच्या लालसेने धाकट्याने गुपचूप मोठा गिअर चढविला. गाडी वाऱ्याशी पैज लावीत सुटली आणि अर्ध्या वाटेतच धूर ओकून थांबली.

वहिनींनी ती उचलून टेबलावर ठेवली. जुन्या सवयीने दादांनी मोटारीला बोट लावले आणि झटकन मागे घेतले.

"गाढवा, चटका बसला की! सांगितलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी!"

धाकट्याची मान खाली गेली. "चुकलो, दादा."

वहिनी मात्र जागीच थिजल्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "बोट कोणत्या हाताचं लावलंत?"

दादांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"गाढवा," ते धाकट्याला म्हणाले, "देव तुझं भलं करो. ती मोटार निवायच्या आत सरकव इकडे, अजून एकदा हात लावू दे."