उष्टं

शेवटचा ग्लास आला तोवर दिव्यांच्या कडा विरघळायला लागल्या होत्या. शनिवारची संध्याकाळ, गच्चीवरचं रेस्टॉरंट, आणि प्रत्येकापुढे तीन छोटे ग्लास. एक पांढऱ्या वाइनचा, एक गुलाबी, एक लाल. भारी काही नाही, साध्याच वाइन. चाखायच्या, आणि आवडेल ती जेवणाबरोबर मागवायची.

मुलगी चाखत होती कमी, समोरच्या माणसाला तपासत होती जास्त. निघताना सँडलचे पट्टे लावता लावता आई म्हणाली होती, "तू नको म्हणालीस ना, तर मी आजच त्यांना नाही सांगेन. तुझ्या बाबांच्या जागी..." आणि पट्ट्यातच अडकून बसली होती.

समोरचा माणूस चष्मेवाला, चष्म्यांचं दुकान असलेला. आईच्या चष्म्याचा नंबर वाढला आणि यांचा नंबर लागला. आल्या आल्या त्याने खिशातलं मऊ फडकं काढून तिघांचेही ग्लास उजेडाकडे धरून पुसले होते. काचेवर साधा बोटाचा ठसासुद्धा त्याला खपत नाही म्हणे. आईला तोडीस तोड, मुलगी मनात म्हणाली. आई लॅबमध्ये दिवसभर लोकांची थुंकी तपासायची, आणि घरात तिचा एकच कायदा होता: कुणी कुणाचं उष्टं खायचं नाही, प्यायचं नाही. मुलीने लहानपणी अर्धं बिस्किट कितीही लाडाने पुढे केलं, तरी आई पापा घ्यायची, बिस्किट नाही. बाबांचाही कप शेवटपर्यंत वेगळाच होता.

"लाल कशी वाटतेय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"दुपारी झोपून उठल्यावर सकाळ झालीय असं वाटतं ना, तशी," आई म्हणाली आणि स्वतःच हसली. "चढली वाटतं मला."

बोलता बोलता तिचा हात पुढे गेला. तिने त्याचा गुलाबी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि बोलतच राहिली. तिचा स्वतःचा डावीकडे तसाच भरलेला होता. तिच्या लक्षातही आलं नाही.

मुलीच्या आलं. बाबांसाठी तिला फार वाईट वाटलं. मग तिने आईकडे पाहिलं. आईच्या खुर्चीत मुलीच्याच वयाची कुणीतरी बसली होती, दिव्यांकडे बघत, घरी जायची अजिबात घाई नसलेली.

चष्मेवाला हात धुवायला उठला. आई लगेच पुढे वाकली. "मग? काय सांगू त्यांना?"

"आई, तुझा ग्लास कुठला?"

आईने हातातल्या ग्लासकडे पाहिलं, मग डावीकडच्या. हातातल्याच्या कडेवर तिच्या लिपस्टिकची लाल खूण होती.

"अगंबाई!" तिने घाईघाईने कागदी रुमाल ओढला. "थांब, पुसते. येतील ते."

मुलीने तिचा हात धरला.

"राहू दे."

आईने रुमाल खाली ठेवला. मग तिने तो ग्लास हळूच त्याच्या जागी सरकवला.

चष्मेवाला येऊन बसला आणि सवयीने त्याने ग्लास उजेडाकडे धरला. खूण त्याला दिसली. हात खिशाकडे गेला, फडक्याला लागला, आणि रिकामाच परत आला.